ओटीपी, आधार आणि अनोळखी लिंक: फोनमधला पैसा आणि कागदपत्रं सुरक्षित ठेवायची कशी?

अहिल्यानगर शहराला लागून, मनमाड रस्त्यावर असलेल्या नागापूरची ओळख एमआयडीसीमुळे आहे. अशा औद्योगिक भागात माणसाचा जवळजवळ सगळा व्यवहार आता मोबाइलवर चालतो. पगार खात्यात जमा होतो, खोलीभाडं यूपीआयने जातं, शिफ्टचं वेळापत्रक व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं, नव्या नोकरीसाठी आधारचा फोटो ठेकेदाराला पाठवला जातो आणि गावाकडे आईवडिलांना पैसेही फोनवरूनच पोहोचतात.

म्हणजे खिशातल्या त्या एका वस्तूत महिन्याची कमाई, ओळखीचे कागद आणि घरचे फोटो असं सगळं एकत्र असतं. फोन चोरीला गेला तर नुकसान होतंच. पण फोन हातात असतानाही एका चुकीच्या क्लिकने पगार जाऊ शकतो.

नागापूर असो, चाकण असो की बुटीबोरी, फसवणुकीच्या पद्धती सगळीकडे साधारण सारख्याच आहेत. त्यापासून बचावाचे उपायही सारखेच असून ते बहुतेक फुकट आहेत. ते एकेक करून पाहू.

पैसे गेले तर पहिल्या तासात काय करायचं?

सुरुवात इथूनच करू, कारण वेळ महत्त्वाची असते तेव्हा लेख शोधत बसायला कुणाला सवड नसते.

१९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. तो आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनमध्येही टाका.

इतकी घाई का? फसवणुकीचा पैसा एका खात्यात थांबत नाही. तो काही मिनिटांत पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात फिरवला जातो आणि शेवटी एटीएममधून काढला जातो किंवा क्रिप्टोमध्ये बदलला जातो. १९३० वर तक्रार नोंदली की ती संबंधित बँका आणि वॉलेट कंपन्यांपर्यंत पोहोचते. वाटेत जिथे पैसा सापडेल तिथे तो गोठवला जातो. पैसा बाहेर पडण्याआधी तक्रार पोहोचली तरच याचा उपयोग होतो.

फोन करताना हे जवळ ठेवा:

- व्यवहाराचा क्रमांक. यूपीआय ॲपच्या हिस्टरीमध्ये १२ आकडी यूटीआर किंवा संदर्भ क्रमांक दिसतो.
- रक्कम, तारीख आणि वेळ.
- तुमच्या बँकेचं नाव, खाते क्रमांक आणि समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक.
- मेसेज, चॅट आणि कॉलचे स्क्रीनशॉट. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा असतो.

त्याच वेळी बँकेच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा. हा क्रमांक गुगलवर शोधू नका, तिथे बनावट कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. तो पासबुकवर आणि एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो.

हेल्पलाइनवर नोंद झाल्यावर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन इथे, तपशीलवार तक्रार पूर्ण करा आणि पोचपावती क्रमांक जपून ठेवा. पोलीस ठाण्यातही जाता येतं. नागापूर परिसरासाठी एमआयडीसी पोलीस ठाणं आहे आणि जिल्ह्यासाठी सायबर पोलीस ठाणं आहे. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं कुठे ऐकायला मिळालं, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. तक्रार केली म्हणजे पैसे परत मिळालेच, असं नसतं. गोठवलेली रक्कम परत मिळवायला न्यायालयाचा आदेश लागू शकतो आणि त्यात वेळ जातो. पण तक्रारच उशिरा केली तर गोठवायलाही काही उरत नाही.

चूक कुणाची, भरपाई कुणाची?

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये मोठा सायबर हल्ला झाला. ११ आणि १३ ऑगस्टला मिळून सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपये लंपास झाले. हल्लेखोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत शिरकाव केला. त्यानंतर बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून हजारो व्यवहार करून पैसे काढले गेले. १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असं बँकेने त्यावेळी स्पष्ट केलं होतं.

इथे यंत्रणाच फोडली गेली होती. पण बहुतेक सामान्य लोकांच्या बाबतीत असं घडत नाही. तिथे ग्राहकाकडूनच ओटीपी किंवा पिन काढून घेतला जातो. हा फरक भरपाईसाठी फार महत्त्वाचा आहे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी यासंबंधी परिपत्रक काढलं. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तशाच सूचना आल्या. त्यांचं सार असं:

- चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य.
- चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तर व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य.
- अशाच प्रकरणात ४ ते ७ दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान सोसावं लागतं. साध्या बचत खात्यासाठी ही मर्यादा १० हजार रुपये ठेवली होती.
- ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

म्हणजे ओटीपी दिला गेला असला तरी लगेच कळवण्यात फायदाच आहे. 'आपलीच चूक आहे, आता कुणाला सांगायचं' म्हणून गप्प बसणं सगळ्यात महागात पडतं. बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या.

बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्यासाठी सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन हे पोर्टल आणि १४४४८ हा संपर्क क्रमांक आहे.

लिंक खरी की खोटी, कसं ओळखायचं?

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली आणि पाठोपाठ बनावट संकेतस्थळांबाबत इशारे आले. वाहनांच्या नव्या नंबर प्लेटसाठी म्हणजे एचएसआरपीसाठी नोंदणी सुरू झाली तेव्हाही हेच झालं. जिथे लाखो लोक एकाच वेळी फॉर्म भरायला धावतात, तिथे खोट्या लिंक हमखास येतात.

पेज कसं दिसतं यावरून काहीच ठरवू नका. बोधचिन्ह, मंत्र्यांचे फोटो, रंग हे सगळं पाच मिनिटांत कॉपी करता येतं. कॉपी करता येत नाही तो पत्ता.

पत्ता वाचायची एक साधी पद्धत आहे: तो शेवटाकडून वाचा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग पाहा. राज्य सरकारच्या साइटचा शेवट 'गव्ह डॉट इन' असा असतो. उदाहरणार्थ लाडकी बहीण योजनेचा पत्ता 'लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' असा आहे. पण समजा पत्ता 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन डॉट ऑनलाइन' असा असेल, तर ती साइट सरकारची नाही. 'गव्ह डॉट इन' ही अक्षरं तिथे फक्त डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी मधे टाकलेली आहेत.

बँकांसाठीही आता अशीच खूण आहे. भारतीय बँकांनी आपली संकेतस्थळं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या शेवटावर न्यावीत, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश होते. त्यामुळे बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचा शेवट वेगळाच असेल तर तिथे थांबा.

पत्त्याआधी दिसणारं कुलूपाचं चिन्ह हा खरेपणाचा पुरावा नाही. तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती माहिती शेवटी चोराच्याच हातात जात असेल, तर कुलूप काय कामाचं?

शंका असेल तर व्हायरसटोटल या मोफत साइटवर लिंक किंवा फाइल तपासता येते. अनेक अँटिव्हायरस कंपन्यांच्या तपासणीचा निकाल तिथे एकत्र दिसतो. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. अगदी नवी फसवी लिंक तिथेही 'सुरक्षित' दिसू शकते. आणि तिथे टाकलेली फाइल इतरांच्या हाती जाऊ शकते, म्हणून खाजगी कागदपत्रं तिथे टाकू नका.

एसएमएससाठीही एक खूण उपयोगी पडते. कंपन्यांच्या एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर येतं: जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि सरकारी मेसेजसाठी जी. 'तुमचं खातं बंद होणार' असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला असेल तर तो बँकेचा नाही असंच समजा.

व्हॉट्सॲपवर आलेली ती 'चलन' फाइल

सध्याचा सर्वांत घातक प्रकार एपीके फाइलचा आहे. 'आरटीओ चलन', 'पीएम किसान यादी', 'लग्नपत्रिका', 'वीजबिल अपडेट' अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते. अनेकदा ती ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो.

एपीके म्हणजे पत्रिका किंवा पावती नव्हे. ते अँड्रॉइड फोनमध्ये बसणारं ॲप असतं. ते बसवलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की तुमचा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जायला लागतो. मग ओटीपी कुणाला सांगायची गरजच राहत नाही.

नियम सोपा आहे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये येते. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर फाइल उघडू नका, मग ती सख्ख्या भावाने पाठवलेली असो. त्याला फोन करून विचारा. चलन खरंच आहे का, हे पाहायचं असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या 'महाट्रॅफिकईचलन डॉट गव्ह डॉट इन' या साइटवर गाडीचा क्रमांक टाकून तपासा.

चुकून बसवलंच तर?

१. लगेच फ्लाइट मोड लावा, वाय-फायही बंद आहे ना ते पाहा.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला फोन करा.
३. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या परवानग्या काढा आणि ते अनइन्स्टॉल करा. होत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करावा लागेल. त्याआधी पुराव्याचे स्क्रीनशॉट किंवा दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा.
४. जीमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

फोनमधलं गुगल प्ले प्रोटेक्ट कधीही बंद करू नका. 'ॲप चालत नसेल तर प्ले प्रोटेक्ट बंद करा' असं कुणी सांगत असेल, तर ॲप का चालत नाही हे उघड आहे.

यूपीआय: पैसे घ्यायला पिन लागत नाही

जुना सोफा विकायला काढला, गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, 'क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.' पैसे जमा होत नाहीत, जातात. यूपीआय पिन फक्त पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो. घेण्यासाठी पिनही लागत नाही आणि स्कॅनही लागत नाही.

आणखी एक सवय फार उपयोगाची आहे. पगाराचं खातं आणि यूपीआयचं खातं वेगळं ठेवा. रोजच्या खर्चापुरते पैसे यूपीआयच्या खात्यात टाका. उद्या काही झालंच तर जाईल ते हजार-दोन हजार, महिन्याचा पगार नाही.

फोनचं नेटवर्क अचानक, कारण नसताना, तासन्‌तास गेलं तर ते गांभीर्याने घ्या. तुमच्या नावावर दुसरं सिम काढलं गेलं असण्याची शक्यता असते. दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला, मग बँकेला फोन करा.

झेरॉक्सच्या दुकानात राहिलेलं आधार

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देण्यात आले. आज खोली भाड्याने घेण्यापासून ते कंपनीच्या गेट पासपर्यंत आधारची प्रत सगळीकडे मागितली जाते.

त्यातली सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे झेरॉक्सचं दुकान. प्रिंटसाठी आधार, पॅन, पासबुकचे फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवले जातात. तिथल्या कॉम्प्युटरवर ते डाउनलोड होतात आणि महिनोन्‌महिने तसेच पडून राहतात. दुकानदार प्रामाणिक असला तरी तो कॉम्प्युटर दिवसभर दहा जण वापरतात. प्रिंट झाल्यावर डाउनलोड फोल्डर आणि रीसायकल बिन या दोन्हींतून फाइल काढून घ्या आणि चॅटमधून 'सर्वांसाठी डिलीट' करा. ही सोय मेसेज पाठवल्यानंतर साधारण दोन दिवसच असते. शिवाय तिने फक्त चॅटमधली फाइल जाते, डाउनलोड झालेली नाही.

त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे मास्क्ड आधार. मायआधार पोर्टलवरून डाउनलोड करताना हा पर्याय निवडला की १२ पैकी पहिले ८ आकडे झाकले जातात, फक्त शेवटचे ४ दिसतात. खोलीमालकाला, हॉटेलला, कुरिअरवाल्याला एवढं पुरेसं असतं. प्रत द्यावीच लागली तर त्यावर पेनने तारीख आणि कारण लिहा: 'फक्त खोलीभाडे करारासाठी'.

दुसरा उपाय बोटांच्या ठशांसाठी आहे. आधार आणि बोटाच्या ठशाने खात्यातून पैसे काढण्याची सोय गावोगावी आहे. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरचे ठसे मिळवून त्यांच्या नकलेने पैसे काढल्याची प्रकरणं उघड झाली. हे टाळण्यासाठी मायआधार पोर्टलवर किंवा एमआधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं. लॉक असताना ठसा चालत नाही, त्यामुळे रेशन घ्यायला जाण्याआधी ते तात्पुरतं अनलॉक करावं लागतं. घरातल्या ज्येष्ठांचं लॉक करताना ही गोष्ट त्यांना नीट समजावून सांगा, नाहीतर रेशन दुकानातून हात हलवत परत यावं लागेल.

त्याच पोर्टलवर तुमचं आधार कधी आणि कोणत्या पद्धतीने वापरलं गेलं, याचा इतिहासही दिसतो. दोन महिन्यांतून एकदा तो पाहायला हरकत नाही.

तुमच्या नावावर किती सिम आहेत?

दूरसंचार विभागाचं संचार साथी हे पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झालं. त्याचं ॲपही आहे. फार थोड्या लोकांना माहीत असलेली ही सोय चार कामांना येते.

- तुमच्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत ते पाहणं. एका व्यक्तीच्या नावावर बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त ९ सिम असू शकतात. अनोळखी क्रमांक दिसला तर 'हा माझा नाही' असं तिथेच कळवता येतं.
- हरवलेला किंवा चोरीला गेलेला फोन आयएमईआय क्रमांकावरून ब्लॉक करणं. त्यासाठी पोलिसांत तक्रार आणि फोनचा आयएमईआय लागतो.
- जुना फोन घेण्याआधी तो चोरीचा तर नाही ना, हे तपासणं. केवायएम ही इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून १५ आकडी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवूनही हे कळतं.
- संशयास्पद कॉल आणि मेसेजची तक्रार 'चक्षू' या विभागात करणं.

आयएमईआय कळण्यासाठी *#०६# डायल करा आणि तो आकडा डायरीत लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो फोनमध्ये शोधता येत नाही.

'खातं वापरायला दे, महिन्याला पैसे मिळतील'

शहरात नव्याने आलेल्या तरुणांसाठी हा सगळ्यात धोकादायक सापळा आहे. 'तुझं बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम दे. आम्ही व्यवसायासाठी वापरतो, तुला कमिशन मिळेल.' पाच-दहा हजार रुपये बसल्या जागी मिळतात म्हणून अनेक जण होकार देतात.

ही खाती फसवणुकीचा पैसा फिरवण्यासाठी वापरली जातात. पोलीस माग काढतात तेव्हा ते आधी खातेदाराच्या दारात पोहोचतात, कारण कागदोपत्री पैसा त्याने घेतलेला असतो. 'मला माहीत नव्हतं' असं म्हणून लगेच सुटका होत नाही. खातं गोठतं, त्यातला स्वतःचा पगारही अडकतो आणि गुन्ह्यात नाव येतं. लोकांना फसवणारा मात्र कुठेच सापडत नाही.

याचंच भावंड म्हणजे टेलिग्रामवरचे 'टास्क'. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, दीडशे रुपये मिळवा. पहिले दोन-तीन वेळा पैसे खरंच येतात. मग 'प्रीमियम टास्क'साठी आधी पैसे भरायला सांगितलं जातं आणि तिथून ते परत येत नाहीत.

नोकरीसाठी नोंदणी फी, युनिफॉर्मचे पैसे, मेडिकलचे पैसे आधी यूपीआयवर मागितले तर सावध व्हा. कंपनीच्या गेटवर जाऊन किंवा कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर विचारून खात्री करा. राज्य सरकारच्या 'रोजगार महास्वयम' पोर्टलवर नोकरीसाठी नोंदणी मोफत आहे.

'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे'

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. 'तुमच्या नावाने पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, कॉल कट करू नका, कुणाला सांगू नका.' भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय यांपैकी कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि 'तपासणीसाठी' पैसे मागत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही याबद्दल सावध केलं होतं.

यातलं खरं हत्यार 'कुणाला सांगू नका' हे वाक्य आहे. म्हणून त्याचा तोडही सोपा आहे: कॉल कट करा आणि शेजारच्याला सांगा. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना आठवड्यातून एकदा याची आठवण करून द्या.

फोटो किंवा व्हिडिओ व्हायरल करण्याची धमकी आली तरी हाच नियम. पैसे देऊ नका, कारण एकदा दिले की मागणी वाढते. पुरावा जपा आणि तक्रार करा. महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय पोर्टलवर नाव न देताही करता येते. 'स्टॉपएनसीआयआय डॉट ओआरजी' या मोफत साइटवर फोटो अपलोड करावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी सोशल मीडिया कंपन्या त्यावरून तो फोटो रोखतात. ही सोय १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. अल्पवयीन असतानाच्या फोटोंसाठी 'टेक इट डाउन' ही वेगळी सेवा आहे.

पासवर्ड: कठीण नको, लांब हवा

नाव आणि जन्मसाल, गाडीचा नंबर, मुलीचं नाव आणि १२३ हे पासवर्ड अंदाजानेच फुटतात. चार असे शब्द घ्या ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. लांबी वाढली की फोडणं अवघड होतं आणि तुमच्या लक्षातही राहतं.

एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नका. एखाद्या शॉपिंग साइटवरून तो फुटला, की चोर तोच जीमेलवर वापरून पाहतो. जीमेल गेलं तर बाकी सगळ्याचे पासवर्ड तिथून बदलता येतात. इतके पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे? त्यासाठी बिटवॉर्डन किंवा गुगल पासवर्ड मॅनेजर ही मोफत साधनं आहेत. तुमचा ईमेल कुठल्या माहितीचोरीत सापडला आहे का, हे 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर फुकट पाहता येतं. तिथे फक्त ईमेल टाकायचा, पासवर्ड टाकायची गरज नाही.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मेल उघडावाच लागला तर इनकॉग्निटो विंडो वापरा. नंतर गुगल खात्यात 'तुमची उपकरणं' या विभागात जाऊन अनोळखी उपकरणातून साइन आउट करा.

आजच करा: १५ मिनिटांची यादी

१. १९३० सेव्ह करा.
२. व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून सहा आकडी पिन ठेवा.
३. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट करा.
४. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं' इथे 'माझे संपर्क' निवडा.
५. जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा.
६. संचार साथीवर आपल्या नावावरची सिम तपासा.
७. आयएमईआय डायरीत लिहा.
८. मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा.
९. पगाराचं खातं यूपीआयपासून वेगळं करा.

यादी झाली की हेच सगळं घरातल्या दुसऱ्या एका फोनवर करून द्या. बहुतेक घरांत एक माणूस या गोष्टींत तरबेज असतो आणि फसवणारे नेमका दुसऱ्याला फोन करतात.